भाजलेली माती

गेल्या जूनमध्ये ढाणकीहून बाबांचा फोन आला. मिरचीच्या वाफ्यातली निम्मी रोपं दोन रात्रींत आडवी झाली होती. देठ जमिनीलगत पिचपिचीत होऊन गळालेले. बियाणं चांगलं, माती काळी कसदार, शेणखत भरपूर. "आता रोपं विकतच आणायची," ते म्हणाले. नर्सरीत कोकोपीटवर वाढवलेली ट्रेमधली रोपं मिळतात, ती. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला रोप साधू नये, याचं त्यांना पैशांपेक्षा जास्त लागलं होतं.

मी पुण्यात पिंपळे सौदागरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रोपांची मर कशानं होते ते शोधायला बसलो आणि पोचलो कोकणातल्या राबापाशी.

कोकणात, मावळात भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर देऊन वर थोडी माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. इंग्रजांच्या जंगल खात्याला यात झाडांची नासाडी दिसली. टहाळ तोडण्यावर निर्बंध आले, ठाणे-कुलाब्यात असंतोष वाढला आणि 1885 मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. राबाचा प्रश्न त्या चौकशीत ठळक होता.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर प्रयोग केले. त्यांचा निबंध 1912 मध्ये आला. राबाचा फायदा फक्त राखेच्या खताचा नव्हता. माती तापण्याचाही त्यात मोठा वाटा होता. (याच मॅन आणि कानिटकरांनी पुढे एका गावाची सविस्तर पाहणी केली, ते गाव पिंपळे सौदागर. आज तिथे वाफ्याएवढीही मोकळी माती शोधावी लागते.)

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी 1909 मध्येच दाखवलं होतं की माती तापवली की तिच्यातलं जीवसृष्टीचं गणित बदलतं आणि पिकाला नत्र जास्त मिळतं. 1930 च्या दशकात जॉन इन्स संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी हेच रोपांसाठी पक्कं केलं. तोवर माळी प्रत्येक झाडासाठी वेगळं मिश्रण करत. या दोघांनी बियांसाठी एकच मिश्रण ठरवलं: वाफेनं निर्जंतुक केलेली माती 2 भाग, पीट 1 भाग, जाड वाळू 1 भाग, वर थोडं सुपरफॉस्फेट आणि चुनखडी. संस्थेनं हे मिश्रण विकलं नाही, कृती छापून सगळ्यांसाठी खुली केली. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट विशेष भावते.

1960 च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठानं माती वगळूनच टाकली: पीट आणि व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट. आपल्याकडे पीटची जागा काथ्याच्या उद्योगात उरणाऱ्या भुशानं घेतली, तेच कोकोपीट. ते ओल धरतं आणि हवाही खेळती ठेवतं, पण त्यात क्षार असतात. नीट धुतलं नाही तर रोप पिवळं पडतं. शिवाय त्यात अन्न नसल्यातच जमा, ते वरून द्यावं लागतं.

या सगळ्यातून मला एक कळलं. बी उगवायला कस लागत नाही. पहिले काही दिवस त्याची शिदोरी त्याच्यापाशीच असते. त्याला हवी असते ओल, हवा आणि शत्रू नसलेली जागा. आमची काळी माती पाणी धरून बसते, हवा कोंडते आणि पिथियमसारख्या बुरशीला असं घर आवडतंच. बाबांचं काही चुकलं नव्हतं. ज्या कसावर त्यांची भिस्त होती, त्याची रोपाला गरजच नव्हती.

टहाळ जाळणं आम्हाला नको होतं. पण 1976 मध्ये इस्राएलच्या याकोव्ह कातान यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून फक्त उन्हानं माती तापवून दाखवली. ऊन ही यवतमाळ जिल्ह्याला कधी कमी न पडलेली गोष्ट.

यंदा एप्रिलच्या शेवटी बाबांनी गादीवाफा केला, वाळू मिसळली, पाणी दिलं, प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबल्या. पाच आठवड्यांनी बी टाकलं. विकतच्या रोपांचे दोन ट्रेही त्यांनी सांगून ठेवलेत. "वाफा साधला तर बांधावर लावू," म्हणाले.