कोसीच्या दोन बांधांमध्ये

जानेवारी २०१०, जिल्हा सहरसा, बिहार. धुकं इतकं दाट, की नाव किनाऱ्याला लागल्याचं तळ वाळूत घासल्यावरच तुम्हाला कळतं. खांद्याला पेटी, आत बर्फाच्या लाद्यांमध्ये पोलिओच्या लसीच्या कुप्या. "झाकण उगाच उघडू नका," पुढे चालणारी दीदी बजावते. कुपीवरचा चौकोन भोवतालच्या वर्तुळाइतका काळवंडला की ती कुपी बाद. कोसी नदी दरवर्षी गावं हलवते, म्हणून मागच्या खेपेची घरांची यादी निम्मी निकामी. थेंब पाजा म्हणून टीव्हीवर अमिताभ बच्चन दटावतो म्हणे. इथे वीज कुठे आहे?

पहिल्याच घरात आई पोराचं तोंड पदराआड लपवते. "परवाच तर पाजलं. अजून किती वेळा?"

प्रश्न रास्त आहे. इथल्या काही पोरांना दहादहा वेळा थेंब देऊनही पोलिओने गाठलंय. विषाणू विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून तोंडात जातो. हगवण तर पाचवीला पुजलेली. आतड्यात इतर जंतूंची इतकी गर्दी, की लसीतल्या विषाणूला पाय रोवता येत नाहीत. त्यात संसर्ग झालेल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीची पोरं विषाणू हसतखेळत वाटत फिरतात. गेल्या वर्षी भारतात ७४१ रुग्ण, जगातले जवळपास निम्मे. आजची लस मात्र नवी आहे, फक्त एक आणि तीन क्रमांकाच्या प्रकारांवरची. दोन क्रमांकाचा रानटी विषाणू १९९९ नंतर दिसलेला नाही. त्याची लस वगळल्यामुळे उरलेल्या दोन प्रकारांची लस जास्त चांगली लागू पडते.

हे सारं तुम्ही त्या आईला सांगायला तोंड उघडता. दीदी तुम्हाला डोळ्यांनीच गप्प करते, ओसरीवर बसते, सासूच्या गुडघेदुखीची चौकशी करते. बऱ्याच वेळाने पदर बाजूला होतो. दोन थेंब, पोराचं वाकडं तोंड, डाव्या करंगळीला शाई, दारावर खडूने 'पी'.

शेजारच्या दाराला कुलूप. माणसं मुंबईला कामाला गेलीत. इकडचा विषाणूही याआधी मुंबईत पोचलाय. पोर राहून गेलं, म्हणून दारावर फुली पडते.

रानटी विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडेल, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगून उपयोग नाही. दीदीचं लक्ष फुलीकडे.

"पोर केवढं होतं?" ती शेजारणीला विचारते. "आणि गाडी कोणत्या स्टेशनावरून धरली?"