थंडीच्या टोकावर

पाण्याचे बर्फ होते हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण हवेचे पाणी होते असे सांगितले, तर पारावरचे आजोबा म्हणतील, “मास्तर, काहीतरीच काय सांगता!” तरी ते खरे आहे. हवा शून्याखाली १९० अंशांच्याही खाली थंड केली, की ती पातळ होते आणि भांड्यात ओतता येते. थंडीची ही वाट शून्याखाली २७३ अंशांच्या किंचित पुढे संपते. त्याहून थंड काही असूच शकत नाही. त्या टोकाजवळ माणूस कसा पोचला आणि तेथे त्याला काय सापडले, ते आज सांगायचे आहे.

एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी एकेक वायू पातळ करून दाखवला. १८९८ साली लंडनमध्ये जेम्स ड्युअर यांनी हायड्रोजन पातळ केला. आपला चहा गरम ठेवणारी थर्मासची बाटली निघाली ती याच ड्युअरसाहेबांच्या दुहेरी भांड्यावरून. मग उरला एकटा हेलियम.

या हेलियमची ओळख आधी सूर्यावर पटली, पृथ्वीवर नंतर. १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली. ती नव्या मूलद्रव्याची असावी, असे नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून ताडले. ते तेव्हा विजयदुर्गावर होते असे आपल्याकडे पुष्कळदा सांगतात. पण लॉकियर विजयदुर्गास आले ते १८९८ च्या ग्रहणाला. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅम्से यांना १८९५ साली एका खनिजात मिळाला.

हेलियमच्या मागे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक हाइके कामरलिंग ओन्नेस लागले होते. १८८२ साली ते या जागेवर आले, तेव्हाच्या पहिल्या व्याख्यानात त्यांनी आपले ब्रीद सांगितले होते : मोजा, म्हणजे कळेल. पण मोजायचे तर साधने हवीत आणि साधने करायला हात हवेत. म्हणून १९०१ साली त्यांनी उपकरणे बनवणाऱ्या कारागिरांची शाळाच काढली. निळे कपडे घातलेली पोरे प्रयोगशाळेत राबत राबत लेथ, झाळकाम आणि काचकाम शिकत. केसेलरिंग काच फुंकी आणि थंडीची यंत्रे गेरिट फ्लिम सांभाळी. प्राध्यापक आणि कारागीर एका छपराखाली आले.

१० जुलै १९०८ रोजी पहाटे पावणेसहालाच काम सुरू झाले. पातळ हवेच्या थंडीने हायड्रोजन पातळ करायचा आणि हायड्रोजनच्या थंडीने हेलियम, अशी ही उतरंड. संध्याकाळचे साडेसात वाजत आले. उष्णतामान खाली येऊन एका जागी ठरले, पण भांड्यात काही दिसेना. पाहायला आलेल्या एका सहकाऱ्याने खालून उजेड टाकून बघायला सुचवले. बघतात तो भांडे जवळजवळ भरलेले! हेलियम इतका स्वच्छ, की त्याचा काठ डोळ्याला दिसला नव्हता. मिळाला तो अवघा ६० घनसेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा कप. त्याचे उष्णतामान शून्याखाली २६९ अंश होते.

मग प्रश्न आला, इतक्या थंडीत धातूतून वीज कशी वाहील? धातूत अणू रांगांनी बसलेले असतात आणि उष्णतेने थरथरत असतात. बाजारच्या दिवशी गर्दीतून वाट काढावी, तशी वीज त्यांच्यातून धक्के खात जाते. यालाच विजेचा रोध म्हणतात. थंडी वाढली की थरथर कमी होते आणि रोध घटतो. पण अगदी टोकाला काय होईल? लॉर्ड केल्व्हिन यांचा तर्क होता, की तेथे वीज वाहून नेणारे कणच गोठतील आणि रोध अपार वाढेल. ओन्नेस यांनी प्लॅटिनम तपासले. रोध घटत घटत एका ठिकाणी अडला. हा धातूतील भेसळीचा दोष असावा, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी पारा घेतला, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित करून अगदी शुद्ध करता येतो.

८ एप्रिल १९११ रोजी काचेच्या बारीक नळ्यांत गोठवलेल्या पाऱ्यातून वीज सोडली. फ्लिम यंत्रावर होता आणि रोध मोजत होते जिल होल्स्ट. ओन्नेस यांच्या वहीत नोंद झाली, की पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य आहे. पुढच्या महिन्यांत पुन्हा मोजले, तेव्हा खरे नवल कळले. रोध हळूहळू संपत नव्हता. शून्याखाली २६९ अंशांच्या सुमारास तो एकदम कड्यावरून पडावा तसा नाहीसा होत होता. हे कोणाच्याच तर्कात बसत नव्हते. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दिले ते १९५७ साली, म्हणजे ४६ वर्षांनी!

१९१३ साली ओन्नेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते त्यांना शोभलेही. पण शोधाच्या लेखांवर नाव त्यांचे एकट्याचे होते. ज्यांनी आकडे मोजले ते होल्स्ट आणि ज्याने यंत्र चालते ठेवले तो फ्लिम किती पुस्तकांत भेटतो? हेलियम पातळ करणे दुसऱ्या कोणाला जमले ते १९२३ साली, कॅनडात टोरोंटोला. तोवर १५ वर्षे ही विद्या एकट्या लायडनकडे राहिली. विद्वान तर लंडनलाही होते, बर्लिनलाही होते. लायडनजवळ विद्वानाच्या जोडीला सुताराचा, लोहाराचा आणि काच फुंकणाऱ्याचा हात होता.

आज मोठ्या रुग्णालयांत शरीराच्या आतले चित्र काढणारे एम.आर.आय. यंत्र असते. त्यातल्या बहुतेक यंत्रांतील चुंबकाच्या तारा पातळ हेलियमच्या थंडीत ठेवलेल्या असतात. रोध नाही, म्हणून त्यांतून वीज न थकता फिरत राहते. रोग्याला त्याची वार्ताही नसते.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एखादा मुलगा गणितात मागे असेल, पण सायकलची चेन बसवण्यात पटाईत असेल. त्याला “हाताचे काम अडाण्याचे” असे म्हणण्याआधी लायडनच्या त्या निळ्या कपड्यांतल्या पोरांची आठवण करा. त्याच्या हाती फूटपट्टी द्या, तापमापक द्या आणि म्हणा, “मोज बाळा, आणि दिसेल तेच लिही.”