बी पिकले, पण वाळले का?

धुळे-सोलापूर रस्त्यावरचे तेरखेडा हे गाव पंचक्रोशीबाहेर ओळखले जाते ते फटाक्यांसाठी. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले हे गाव. दारूला ओल लागली की फटाका फुसका निघतो, हे तिथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. वात पेटवली की निकाल समोर असतो.

बियाण्याचे मात्र तसे नाही. ऑक्टोबरात शेतात ओल लागून मेलेले बी वरून चांगलेच दिसते. ते पोत्यात भरले जाते, थप्पीला लागते, विकले जाते, विकत घेतले जाते. ते मेलेले आहे हे कळते पुढच्या जूनमध्ये, पेरणीनंतर आठ दिवसांनी, आणि तेव्हा हातात काहीच उरलेले नसते. या आठ महिन्यांच्या शांततेची गोष्ट आपण या लेखात पाहणार आहोत.

२०२० चा जून

२०१९ चा पावसाळा मराठवाड्यात विचित्र गेला. आधी बराच काळ ओढ, आणि पीक हाताशी आल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाची झोड. काढणीला आलेले सोयाबीन शेतात उभे असताना भिजले, कापून टाकलेले जमिनीवर भिजले, आणि बनीम लावून ठेवलेलेही आतून तापले.

२०२० च्या जूनमध्ये पेरण्या वेळेवर झाल्या. काही दिवसांतच गावोगावहून तक्रारी येऊ लागल्या: सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारींची संख्या इतकी वाढली की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. सगळा दोष बियाण्याचाच होता असे म्हणता येणार नाही. पुरेशी ओल नसताना पेरले, बी खोल पडले किंवा पेरणीनंतर जमिनीवर पापुद्रा धरला, तर चांगले बीही वर येत नाही. पण एवढ्या मोठ्या भागात एकाच वेळी उगवण बिघडते, तेव्हा आधीच्या हंगामाकडे पाहावे लागते. बी कंपनीच्या पिशवीतले असो की घरच्या पोत्यातले, ऑक्टोबरचा तोच पाऊस दोघांनीही अंगावर घेतला होता.

मग प्रश्न पडतो. आपल्याकडे शेती हजारो वर्षांची. बी राखणे ही तर घरातल्या बाईची पिढीजात विद्या. ती इथे कमी का पडली?

आभाळाने वाळवलेले बी

या भागाचे जुने मुख्य धान्य म्हणजे रब्बी ज्वारी. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक वाणातून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ आजही लोक आवडीने खातात. ही ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि काढायची माघ-फाल्गुनात. दाणा भरतो तो थंडीत आणि वाळतो तो कोरड्या वाऱ्यात.

खळ्यावर चांगली टपोरी कणसे बाजूला काढत. ती उन्हात वाळवून तुळईला टांगत किंवा हाताने झोडपून दाणे राखेत, कडुलिंबाच्या पाल्यात घालून ठेवत. खायचे धान्य पेवात, बळदात, कणगीत जाई. बियाण्याचे गाडगे वेगळे असे. ही पद्धत उत्तम होतीच. पण तिच्या यशात एक न दिसणारा भागीदार होता, तो म्हणजे हंगाम. वाळवणीचे बरेचसे काम आभाळच करून देई. म्हणून ‘किती वाळले’ हा प्रश्न कधी फारसा टोकदार झाला नाही. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला की झाले.

१९६४ साली ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला. तो खरिपाचा, आणि जुन्या उंच खरीप वाणांपेक्षा लवकर पिकणारा. उत्पन्न भरघोस वाढले. पण लवकर पिकणे म्हणजे पाऊस संपण्याआधी पिकणे. ओल्या हवेत कणसांवर बुरशी चढली, दाणा काळा पडला. हायब्रीड ज्वारीची काळी भाकरी अनेकांच्या आठवणीत असेल. वाण नवा, वाळण्याची वेळ पावसात. अडचणीचे मूळ तेव्हाच दिसले होते.

पुढे १९९० च्या दशकापासून खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. जबलपूरहून आलेला ‘जेएस ३३५’, नंतर परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘एमएयूएस’ मालिकेतले वाण शेतांत पसरले. सोयाबीनही पिकते ते परतीच्या पावसाच्या तोंडावर. पीक बदलले, हंगाम बदलला, पण बी ठेवण्याची सवय मात्र रब्बी ज्वारीचीच राहिली.

पिकणे म्हणजे नेमके काय?

इथे मक्याकडे वळायला हवे, कारण या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात स्वच्छ मिळाले ते मक्यात. दाणा भरत असताना झाडाकडून त्याला अन्न मिळत असते. एका दिवशी हा पुरवठा थांबतो. १९६९ साली डेनार्ड आणि डंकन या दोन संशोधकांनी दाखवून दिले की त्या सुमारास मक्याच्या दाण्याच्या बुडाशी एक काळा थर तयार होतो. दाणा कणसातून उपटून बूड नखाने खरवडले की तो दिसतो. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशीही असाच काळा ठिपका दिसतो. काळा थर दिसला की दाण्याचे कोरडे वजन यापुढे वाढणार नाही. बी पिकले.

पण ते वाळलेले नसते! साध्या मक्यात या वेळी दाण्याच्या वजनाचा सुमारे एकतृतीयांश भाग पाणी असते. सोयाबीनमध्ये शेंगेचा रंग पालटू लागतो तेव्हा तर जवळपास निम्मे पाणी असते. म्हणजे पिकणे ही एक घटना आणि वाळणे ही दुसरी. बियाण्याची ताकद पिकण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. त्यानंतर झाड बियाण्याला काही देत नाही, फक्त धरून ठेवते. शेत हे आता गोदाम झाले, आणि तेही छप्पर नसलेले.

गोड मक्याचा धडा

या दोन घटनांमधली वाट सर्वांत अवघड होते ती गोड मक्यात, म्हणजे आपल्या ‘स्वीट कॉर्न’मध्ये. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचे पिष्ट होते. गोड मक्यात एका जनुकातल्या बदलामुळे ही क्रिया अडते आणि साखर साखरच राहते. १९५३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी अशाच आणखी एका जनुकाकडे लक्ष वेधले. त्या जनुकाचा दाणा अधिक गोड, पण वाळल्यावर इतका आक्रसतो की त्याचे नावच ‘आक्रसलेला’ पडले. पिष्टाचा भराव नसल्याने पाणी गेले की साल आत ओढली जाते. वर्गात मेंडेलचा सुरकुतलेला वाटाणा शिकवताना हे उदाहरण जोडीला देता येईल. त्या सुरकुतीमागेही पिष्ट बनवणाऱ्या विकराचा बिघाड आहे, हे १९९० मध्ये सिद्ध झाले.

आता अशा मक्याचे बी धरणाऱ्याची अडचण पाहा. गाडीवर मिळणारे कणीस परागीभवनानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, दाणा दुधात असताना तोडलेले असते. बियाण्यासाठी याच्या जवळजवळ दुप्पट काळ थांबावे लागते. लवकर तोडावे तर अंकुर पुरता तयार नसतो, साठा अपुरा असतो आणि रोप दुबळे निघते. उशीर करावा तर साखरेने भरलेला, पातळ सालीचा दाणा बुरशीला आयताच सापडतो. पिकतेवेळी त्यात साध्या मक्यापेक्षा बरेच जास्त पाणी असते. ते सावकाश काढावे तर दाणा कुबट होतो. घाईने, कडक उष्णतेत काढावे तर पेशींची आवरणे फाटतात आणि अंकुर मरतो. म्हणून बियाणे तयार करणारे लोक कणसे ओली असतानाच तोडतात आणि दाणे न सोलता, सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या खेळत्या हवेत वाळवतात. सुरुवातीला पाणी जास्त असते तेव्हा उष्णता कमी, नंतर थोडी वाढवायची.

गोड मका आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक नाही. पण बाकीची बियाणी ज्या चुका थोड्याफार सोसतात, त्या तो मुळीच सोसत नाही, म्हणून तो चांगला शिक्षक आहे. सोयाबीन त्याच्या खालोखाल नाजूक. त्याची साल पातळ आणि मूळ फुटणारा कोंब सालीच्या अगदी लगत. शेंग भिजली, सुकली, पुन्हा भिजली की दाणा फुगतो-आक्रसतो आणि सालीला चिरा पडतात. तेलाचे प्रमाण जास्त असल्याने साठवणीतही तो लवकर खराब होतो. अति कोरडा करून मळणी यंत्राच्या वेगवान ड्रममध्ये घातला तर आतून तडकतो. ओला घातला तर ठेचतो. म्हणून बियाण्याची मळणी १३-१४ टक्के ओलाव्याला, यंत्राचा वेग कमी ठेवून करायची.

किती वाळवायचे?

कॅलिफोर्नियातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी गेल्या शतकाच्या मध्यात एक सोपा ठोकताळा दिला. बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले तरीही दुप्पट. हा नियम सुमारे ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या टप्प्यात लागू पडतो. १४ टक्क्यांचे बी १० टक्क्यांवर आणले तर आयुष्य किती पट? चार वेळा दुप्पट, म्हणजे १६ पट. घातांक शिकवायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण!

पण वाळवणे नुसत्या दिवसांवर ठरत नाही. बी आणि हवा यांची पाण्याची देवघेव चालू असते. हवा दमट असेल तर ताडपत्रीवर आठ दिवस पसरूनही बी एका मर्यादेखाली वाळत नाही. रात्री उघडे राहिले तर सुकलेले पुन्हा ओल घेते. शिवाय भर दुपारच्या तापलेल्या फरशीवर पातळ पसरलेले बी भाजू शकते. सकाळचे ऊन, अधूनमधून हात फिरवणे आणि संध्याकाळी झाकणे, यात आजीचे म्हणणे आणि शास्त्राचे म्हणणे एकच आहे.

शंभर दाण्यांचा निवाडा

बी जिवंत आहे का, हे पेरण्याआधी विचारण्याची शिस्त मात्र तुलनेने नवी आहे. फ्रीड्रिश नोबे यांनी जर्मनीतल्या थारांट येथे १८६९ मध्ये जगातले पहिले बियाणे तपासणी केंद्र सुरू केले. अमेरिकेत आयोवा राज्यात पेरी होल्डन या प्राध्यापकांनी १९०४ पासून चक्क आगगाडीतून गावोगाव फिरून शेतकऱ्यांना मक्याचे बी तपासायला शिकवले. प्रत्येक कणसातले काही दाणे ओल्या कापडात घालायचे. उगवले तर ते कणीस ठेवायचे, नाही तर जनावरांपुढे टाकायचे. आपल्याकडे १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम, १९६६ मध्ये बियाणे कायदा आणि १९७६ मध्ये अकोल्याला महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ आले. प्रमाणित बियाण्याच्या उगवणीच्या किमान मर्यादा ठरल्या: संकरित मका ९० टक्के, ज्वारी ७५ टक्के, सोयाबीन फक्त ७०. सोयाबीनची मर्यादा एवढी खाली का, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

ही तपासणी शाळेत सहज करता येते. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागांतून मूठ-मूठ दाणे घ्या. निवड न करता शंभर मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगांत मांडा, वर ओले गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात दिवसांनी उघडा आणि निरोगी कोंब फुटलेले दाणेच मोजा. कुजके, नुसते फुगलेले किंवा वाकडेतिकडे कोंब मोजू नका. सत्तर किंवा जास्त आले तर बी चांगले. थोडे कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे जास्त घ्यावे. फारच कमी आले तर ते बी पेरू नये.

एक अडचण आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि तोवर पेरणीची धांदल सुरू झालेली असते. म्हणून हा प्रयोग एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी करावा. मुलांनी आपापल्या घरची पुरचुंडी आणावी आणि निकाल घरी सांगावा. उन्हाळ्याच्या तापात बी आणखी उतरते, म्हणून मे महिन्याच्या शेवटी मुलांनी तोच प्रयोग घरी पुन्हा करावा.

२०२० नंतर कृषी विभागाने घरचे बी उगवण तपासूनच पेरण्याचा आग्रह धरला. मराठवाड्यात अनेकांनी बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीनही घेऊन पाहिले. उन्हामुळे दाणा बारीक राहतो, उतारा कमी पडतो आणि पाणी द्यावे लागते. पण पीक काढणीला येते ते एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत. म्हणजे फिरून आपण रब्बी ज्वारीच्याच शहाणपणाशी येऊन पोहोचलो: बी अशा वेळी पिकू द्यावे की आभाळ ते वाळवील. फरक इतकाच की तेव्हा ते हंगामाने आपोआप घडत होते. आता ते समजून-उमजून करावे लागते.

दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा, खताचा, बैल-ट्रॅक्टरचा खर्च पुन्हा एकदा, आणि हातचे गेलेले पंधरा दिवस तर कोणत्याच भरपाईत परत येत नाहीत. त्यापुढे एक गोणपाट आणि शंभर दाणे महाग नाहीत. तेरखेड्याचा फटाका पेटवल्याशिवाय कळत नाही, बी मात्र पेरण्याआधी कळते. फक्त कोणीतरी विचारायला हवे.