गायब झालेल्या चित्रकाराची रोजनिशी

आज जपानला जाऊ. हिदेओ आझुमा, जन्म १९५०, होक्काइडोचे. विनोदी आणि विज्ञानकथांच्या मांगामधलं मोठं नाव. १९८९ च्या नोव्हेंबरात हातातलं काम टाकून ते घरातून निघूनच गेले. रानात झोपायचं, कचऱ्यातलं खायचं. भुकेपोटी टेम्पुरा तळून टाकून दिलेलं तेल प्यायल्याचंही त्यांनी चित्रात काढलंय! शेवटी पोलिसांनी पकडलं, तर चौकीतला एक जण त्यांचाच चाहता निघाला. त्यानं सही मागितली.

१९९२ मध्ये पुन्हा गायब. या खेपेला गॅसचे पाइप टाकायची मजुरी. पुढे दारूपायी इस्पितळ. हे सगळं २००५ साली 'शिस्सो निक्की', म्हणजे बेपत्ता काळाची रोजनिशी, या पुस्तकात आलं. २००६ मध्ये त्याला तेझुका पुरस्कार मिळाला.

आता खरी गोम. चित्रं गोलमटोल, गोंडस. वास्तववाद मुद्दाम शक्य तितका टाळलाय, हे ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. पण मग गेले का? पानं उलटत राहतो आपण, धड उत्तर सापडत नाही. मला तर एक जागा फार खटकते: घरी राहिलेली बायको आणि मुलं त्या चित्रांत जवळजवळ दिसतच नाहीत.