न्यूयॉर्कच्या शाळांतली ईद

अमेरिकेत सरकारी शाळांचा सर्वांत मोठा कारभार न्यूयॉर्क शहराचा. २०१५ साली तिथे अठराशेच्या आसपास शाळा आणि सुमारे अकरा लाख मुले होती. कोलंबिया विद्यापीठाच्या २००८च्या एका अभ्यासानुसार दर दहा मुलांमागे साधारण एक मुसलमान. ज्यू सणांना तिथे फार पूर्वीपासून सुट्टी होती. ज्यू शिक्षकच इतके की त्या दिवशी शाळा चालवणे कठीण. ईदला मात्र नव्हती. मूल नमाजला गेले तर गैरहजेरी माफ होई, पण वर्गातले शिकवणे पुढे जाई.

जानेवारी २००६ मध्ये ऐन बकरी ईदला राज्याची परीक्षा आली आणि पालक जागे झाले. मशिदींनी ही मागणी एकट्याने लढवली नाही; कामगार संघटना आणि इतर धर्मांच्या संस्थाही सोबत आल्या. मला या लढ्यात हेच सर्वांत मोलाचे वाटते. २००९ मध्ये नगर परिषदेने सुट्टीच्या बाजूने ठराव केला, पण तो बंधनकारक नव्हता. प्रत्येक धर्माला सुट्टी दिली तर शाळा भरणार कधी, असे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांचे म्हणणे. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तो ईदच्या वेळीच आठवावा, हे खटकते.

पुढचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी मार्च २०१५ मध्ये दोन्ही ईदच्या सुट्ट्या जाहीर केल्या. २४ सप्टेंबरला बकरी ईदनिमित्त शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा पहिल्यांदा बंद राहिल्या. २०२४ मध्ये दिवाळीलाही तशीच सुट्टी मिळाली.