कॉलेजच्या उंबरठ्यावरची कसोटी

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुढें काव्य शिकावयाचें असो कीं पूल बांधावयाचे असोत, उंबरठा एकच. भाषा, गणित आणि इतिहास-भूगोलादि सामान्य ज्ञान, या सर्वांत उतरल्यावांचून आंत पाऊल नाहीं. पुण्याची इंजिनिअरिंगची शाळा मात्र विद्यापीठाहून तीन वर्षांनीं वडील. १८५४ सालीं ती निघाली ती सरकारी बांधकाम खात्यास हाताखालचे अधिकारी पुरविण्यासाठीं. विद्यापीठाशीं तिचा संबंध मागाहून जुळला.

एकाच उंबरठ्यानें नुकसानच झालें असें म्हणतां येणार नाहीं. विश्वेश्वरय्या १८८१ सालीं मद्रास विद्यापीठाचे बी. ए. झाले, मग पुण्यास आले, आणि १८८३ सालीं इंजिनिअरिंगच्या परीक्षेंत पहिले आले. धरणाइतकेंच देशाच्या अर्थकारणावरही ते अधिकारानें लिहीत, तें कांहीं केवळ यंत्रविद्येच्या बळावर नव्हे.

परंतु याच पद्धतीनें रामानुजनची काय गत केली? १९०३ सालीं तो मॅट्रिक झाला, कुंभकोणमच्या कॉलेजांत शिष्यवृत्तीही मिळाली. इतर विषयांकडे लक्ष नसल्यानें ती गेली. १९०७ सालीं एफ. ए. च्या परीक्षेंतही तो नापास झाला. गणितांत ज्याला तोड नव्हती, त्याला शरीरशास्त्रासारख्या विषयांनीं अडविलें. १९१३ सालीं मद्रास विद्यापीठानें त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ति दिली खरी, पण ती नियमास मुरड घालून.

स्वातंत्र्यानंतर इंजिनिअरिंगनें आपला उंबरठा वेगळा केला. १९५१ सालीं खरगपूरची संस्था उघडली आणि १९६० च्या सुमारास अशा संस्थांची सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली. तींत आरंभीं गणित, पदार्थविज्ञान व रसायन यांच्याबरोबर इंग्रजीही होती. पुढें ती गळाली. गणितावरचा भर योग्यच होता. हें शास्त्र जिन्यासारखें आहे; त्रिकोणमितीची पायरी चुकलेल्यास यंत्रशास्त्राचा पहिला धडाही समजत नाहीं. भाषा गाळली ती मात्र चूक. इंजिनिअरास अहवाल लिहावा लागतो, आणि पूल कां खचला हें सांगावेंही लागतें.

इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांस असा जिना नाहीं. रोमचें नांवही न ऐकलेला मुलगा पहिल्या वर्षीं आरंभ करूं शकतो. त्याला उतारा नीट वाचतां यावा आणि आपलें म्हणणें मांडतां यावें, एवढेंच हवें. आणि नेमकें हेंच कोणी तपासलें नाहीं! कलाशाखेच्या वांट्यास आली ती गुणांची बेरीज. २०२१ सालीं दिल्लीच्या हिंदू कॉलेजांत राज्यशास्त्राची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांनीं सामाईक परीक्षा आणली. तिचे प्रश्न दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचे. पानिपतची तारीख अशानें कळते, पानिपत कां झालें याचा विचार कळत नाहीं.

ऑक्सफर्डनें २००४ पासून कित्येक वर्षें इतिहासाच्या उमेदवारांपुढें अपरिचित उतारा ठेवून त्यावर निबंध लिहवून घेतला. पाठांतराचा तेथें उपयोग नव्हता. असे कागद वाचावयास जाणते अध्यापक लागतात. आणि दिल्लीस अर्ज येतात ते लाखांनीं.