टर्की पक्ष्याचा प्रवास आणि वऱ्हाडची नाताळची पंगत

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेंत मंदिराच्या पायाभरणीचा, धर्मगुरूंच्या सेवेचा आणि शाळांच्या स्थापनेचा इतिहास यावयाचाच, आणि तो यावा हें योग्यही आहे. परंतु ज्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या सणाचें अन्न शिजलें, तिचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक भक्तीची खूण जशी वेदीपाशीं दिसते, तशी ती पंगतींतही दिसते. म्हणून या लेखांत नाताळच्या भोजनांतील एका पाहुण्याची, म्हणजे टर्की पक्ष्याची, हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

या पक्ष्याविषयीं आपल्या अमरावती-अकोल्याच्या घरांतून दोन मतें ऐकूं येतात. वडील मंडळी म्हणतात, “हें साहेबी खाणें, आपल्याला गांवरान कोंबडी पुरे.” तरुण मंडळी म्हणतात, “चित्रांत पहावें तों सर्व जगाच्या नाताळांत टर्की असते. मग आपलाच सण उणा कां?” या दोन मतांच्या मागें खरा प्रश्न निराळाच आहे. आपला सण आपला केव्हां होतो? परक्याची वस्तु पानांतून वर्ज्य केल्यानें, कीं परक्यासारखें ताट मांडल्यानें? या प्रश्नाचें उत्तर पक्ष्याच्या इतिहासांतच सांपडण्यासारखें आहे.

प्रथम त्याच्या नांवांची मौज पहावी. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजून ‘टर्की’ म्हणतात. खुद्द तुर्की भाषेंत त्याचें नांव ‘हिंदी’ असें आहे. फ्रेंच भाषेंतील ‘दँद’ या नांवाचा अर्थही ‘हिंदुस्थानचा’ असाच. डच लोकांनीं तर आपल्या मलबारांतील कालिकतवरून त्याला ‘काल्कून’ म्हटलें. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. त्यावरूनच हिंदुस्थानी भाषेंत ‘पीरू’ हा शब्द आला. सारांश, ज्याच्या त्याच्या मतें हा पक्षी दुसऱ्याच कोणाच्या देशांतला! आणि यांतील एकही नांव खरें नाहीं. तो ना तुर्कस्तानचा, ना हिंदुस्थानचा, ना पेरू देशाचा. त्याचें मूळ घर मेक्सिको. तेथील लोकांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्याला माणसाळविलें, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभीं स्पॅनिश लोकांनीं त्याला समुद्रापलीकडे युरोपांत नेलें. तेथें तो इतक्या लवकर रुजला कीं, इंग्लंडांत विल्यम स्ट्रिक्लंड नामक गृहस्थाला १५५० सालीं जें कुलचिन्ह मिळालें त्यावर टर्कीचें चित्र आहे.

हिंदुस्थानांत हा पक्षी आला तो इंग्रजांच्या फार आधीं, आणि आला तोही गोव्याच्या वाटेनें. बादशहा जहांगीर यानें आपला अधिकारी मुकर्रबखान याला गोव्यास पाठवून, तेथें मिळतील त्या दुर्मिळ वस्तु मागेल ती किंमत देऊन आणण्याची आज्ञा केली होती. १६१२ सालीं खान परतला, तेव्हां त्याच्याबरोबर बादशहानें पूर्वीं कधींही न पाहिलेले कांहीं प्राणी होते, आणि त्यांत हा टर्की कोंबडा होता. त्याच्या मस्तकाचा व गळ्याचा रंग क्षणांत पोंवळ्यासारखा लाल, क्षणांत कापसासारखा पांढरा व क्षणांत पिरोजासारखा निळा होतो, हें पाहून बादशहाला एवढें नवल वाटलें कीं, त्यानें तें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें, आणि दरबारच्या चितारी उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचें चित्र काढविलें. तें सुंदर चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें आहे. म्हणजे ज्या पक्ष्याला आपण साहेबाचा म्हणतों, तो इंग्रजांचें राज्य या देशांत येण्यापूर्वीं दीडशें वर्षें मोगल दरबारीं हजेरी लावून गेला होता.

तो मांसाहारी सणांत नाताळाचाच मानकरी कां झाला, हेंही समजून घेतलें पाहिजे. पक्षी मोठा असल्यामुळें एकाच्यानें सर्व कुटुंबाची पंगत होई, आणि वसंत ऋतूंत जन्मलेलीं पिलें डिसेंबरापर्यंत पुरतीं भरत. परंतु कॅथलिक घरांत याहून मोठें कारण उपवासाचें होतें. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशीं उपवास व मांसवर्जन दोन्ही पाळावे लागत. शिवाय ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून अन्नच नव्हे, तर पाणीही वर्ज्य असे. पाण्याची मोकळीक १९५३ सालीं मिळाली. पुढें १९५७ सालीं हा उपवास तीन तासांवर व १९६४ सालीं एका तासावर आला. नाताळच्या आदल्या दिवसाचा उपवासही १९६६ पासून सक्तीचा राहिला नाहीं. पूर्वीं मात्र दिवसभर रित्या पोटीं राहिलेलें कुटुंब मध्यरात्रीच्या मिस्सेहून थंडींत घरीं येई, तेव्हां चुलीवरून येणारा भाजल्या मांसाचा सुवास हा त्या दिवसाचा अर्धा आनंद असे. पोर्तुगालांत या मिस्सेला ‘कोंबड्याची मिस्सा’ असें नांवच आहे. उपवास गेला व मेजवानी तेवढी राहिली, तर सणाचें एक चाक निखळलें असें म्हणावें लागेल.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. १८५३ सालीं हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोंचला. श्रद्धेचें बीज येथें पेरलें तें मुख्यत्वें संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या मिशनरी संघानें. फादर पीटर मर्मिये यांनीं १८३८ सालीं आनसी गांवीं हा संघ स्थापिला; १८४६ सालीं त्याचे धर्मगुरू विशाखापट्टणास उतरले; १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत. ज्या संताचें नांव या संघानें घेतलें, त्या संत फ्रान्सिसनें १६०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथांत भोजनाविषयीं एक मार्मिक विचार मांडला आहे. समोर येईल तें, आवडो वा नावडो, निवड न करितां खाणें, हें मुद्दाम निकृष्ट अन्न निवडण्यापेक्षां मोठें सद्गुणाचें काम होय, असा त्याचा आशय आहे. कारण त्यांत माणूस आपली चवच नव्हे, तर आपली निवडही अर्पण करितो. टर्कीवांचून नाताळ नाहीं म्हणणाऱ्यानें आणि टर्की पाहून नाक मुरडणाऱ्यानें, दोघांनींही हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां पाककृतीचा भाग. टर्कीचें मांस कोरडें होतें, अशी तक्रार सर्वत्र ऐकूं येते, आणि ती खोटी नाहीं. छातीच्या मांसांत चरबी फार थोडी. तें लवकर शिजतें व त्यानंतर प्रत्येक मिनिटाला सुकत जातें. तंगडीला मात्र अधिक आंच लागते. यावरील जुना उपाय मीठ. पोर्तुगालांत आदल्या रात्रीं पक्षी मिठाच्या पाण्यांत लिंबा-संत्र्याच्या फोडींसह बुडवून ठेवण्याची रीत आहे. मीठ मांसांत मुरलें म्हणजे त्याचे तंतू सैल होतात व भाजतांना पाणी धरून ठेवितात. म्हणून चव आंतपर्यंत जाते व रसही राहतो. वरून ऐन वेळीं चोळलेला मसाला कातडीच्या खालीं उतरत नाहीं, हें अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं.

आपल्या घरीं पाण्याचा खटाटोप न करितां कोरडें मीठही चालतें. चार किलोंचा साफ केलेला पक्षी घ्यावा. गोठविलेला असल्यास शीतपेटींत खालच्या कप्प्यांत दोन दिवस ठेवून पुरता सुटूं द्यावा. दर किलोस दहा ते बारा ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा कुटलेले मिरे व एका संत्र्याची किसलेली साल एकत्र करून आंतबाहेर चोळावी, आणि पक्षी एक दिवस व एक रात्र शीतपेटींतच उघडा ठेवावा, म्हणजे कातडी सुकून पुढें खरपूस होते. वऱ्हाडांत डिसेंबरची रात्र गार असली, तरी मांस बाहेर ठेवण्याइतकी ती गार नसते. तो मोह टाळावा.

मसाला आपला असावा. दोन चमचे धणे, एक चमचा जिरें, दोन बोटें दालचिनी, सहा लवंगा व चिमूटभर दगडफूल मंद आंचेवर भाजून कुटावें. त्यांत आलें व लसूण प्रत्येकीं दोन चमचे वाटून घालावें आणि हें सर्व शंभर ग्रॅम लोण्यांत कालवावें. बोटांनीं छातीवरील कातडी हळूच सैल करून यांतील निम्मा मसाला तिच्या खालीं भरावा, उरलेला वरून लावावा. पोटांत कांदा व संत्र्याच्या फोडी घालाव्या. वरूड-मोर्शीच्या बागांतील आंबिया बहाराचीं संत्रीं याच सुमारास बाजारांत असतात. पोर्तुगिजांच्या रीतीला याहून चांगली वऱ्हाडी जोड कोणती? भाताचें सारण करावयाचें तर तें वेगळ्या भांड्यांत शिजवावें. पोटांत ठासून भरल्यास आंतला भाग कच्चा राहण्याची भीति असते.

भट्टी असल्यास १६५ अंश उष्णतेवर सुमारें पावणेतीन तास लागतात. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यांत तळाशीं कांद्याच्या जाड चकत्या पसरून त्यावर पक्षी ठेवावा, झांकण लावून खालीं मंद आंच व झांकणावर निखारे ठेवावे. तुराटी-पऱ्हाटीचा जाळ भडकतो व लवकर विझतो. वांग्याच्या भरतास तो उत्तम, पण या कामास लाकडाचे निखारे हवेत. छाती लवकर लाल झाल्यास तिच्यावर तूप लावलेला कागद किंवा धातूचा पत्रा झांकावा. संत्र्याचा रस शेवटच्या अर्ध्या तासांतच वरून सोडावा. आधीं सोडल्यास त्यांतील साखर करपते. मांडीच्या जाड भागांत, हाडाला न लागतां, उष्णता ७४ अंशांवर गेली म्हणजे पक्षी शिजला. मग लगेच सुरी न चालवितां अर्धा तास तो तसाच राहूं द्यावा. रस मांसांत पुन्हां मुरतो. तोंवर भांड्यांत उरलेल्या रसांत भिजवून वाटलेली खसखस घालून एक उकळी काढली कीं दाट रस्सा तयार. ज्वारीच्या भाकरीबरोबर तो विलायती ब्रेडपेक्षां कांकणभर सरसच लागतो.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मिरची, बटाटा, पपई, पेरूचें फळ हीं सर्व त्याच अमेरिका खंडांतून आलेलीं. आणि आपण जिला आपली म्हणतों ती ज्वारीदेखील फार प्राचीन काळीं आफ्रिकेंतून आली. मिरचीवांचून वऱ्हाडी रस्सा आज कोणास कल्पवेल काय? अन्न परकें किंवा आपलें जन्मानें ठरत नाहीं. तें कोणत्या हातांनीं रांधलें व कोणाबरोबर वांटून खाल्लें, यावर ठरतें. श्रद्धेचेंही असेंच आहे. आपला धर्म परका म्हणून कोणी हिणवलें, तर वाद घालण्यापेक्षां आपल्या पंगतीस बोलावणें हें अधिक चांगलें उत्तर होय.

मात्र एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. टर्की महाग आहे, आणि तिच्यासाठीं ऋण काढणें हा सण नव्हे. हाच मसाला, हीच रीत गांवरान कोंबडीला तंतोतंत लागू पडते. मीठ त्याच प्रमाणांत, वेळ मात्र तासा-सव्वा तासाचा. १८४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डिकन्सच्या नाताळकथेनें टर्कीला घरोघर प्रसिद्ध केलें, पण त्या कथेंतला कंजूष धनी ती टर्की स्वतःसाठीं घेत नाहीं. तो आपल्या गरीब कारकुनाच्या घरीं पाठवितो. कथेचें मर्म पक्ष्यांत नाहीं, पाठविण्यांत आहे.

तेव्हां यंदा ज्या घरीं टर्की शिजेल, त्या घरानें ती कापण्यापूर्वीं एक ताट बाजूस काढावें. गल्लींतील एकट्या म्हातारीकडे, आजाऱ्याकडे किंवा ज्याच्या घरीं यंदा दुःख झालें असेल त्याच्याकडे तें जावें. मांस न खाणाऱ्या शेजाऱ्याकडे करंज्या जाव्या. गोठ्यांत जन्मलेल्या बाळाला प्रथम गरीब मेंढपाळ भेटावयास आले होते. आपल्या पंगतींत त्यांची जागा राखलेली असली, म्हणजे पान कोणत्याही पक्ष्याचें असो, सण आपलाच आहे.